उलटं धरून वाचा: ब्रायोझोआच्या जीवाश्मातून जुना समुद्रतळ कसा ओळखायचा

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीजवळ पाऊस पडून गेला की उघड्या टेकड्यांच्या पायथ्याशी करड्या चिखलात दगडी काड्या वर येतात. पेन्सिलीएवढ्या जाड, मधूनच फांदी फुटलेल्या, अंगावर टाचणीनं टोचल्यासारखी भोकंच भोकं. पहिल्यांदा बघणारा त्यांना पोवळं म्हणतो, नाहीतर झाडाची मुळी. प्रत्यक्षात त्या ब्रायोझोआ नावाच्या प्राण्यांच्या वसाहती आहेत, सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या. तेव्हा हा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, उष्ण आणि उथळ समुद्राखाली होता.

अशी एखादी काडी किंवा चकती हातात आली आणि ती कशी वाढली हे समजून घ्यायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एक विनंती आधीच करतो: नावाच्या मागे लगेच लागू नका. या गटात जातीचं नाव दगड कापल्याशिवाय सहसा ठरत नाही, आणि नाव कळलं तरी ती वसाहत कुठे बसली, कशावर बसली, वाढताना काय सोसलं हे नाव सांगत नाही. ते सगळं तिच्या आकारात आणि विशेषतः तिच्या खालच्या बाजूला असतं. बहुतेक हौशी संग्राहक ती बाजू बघतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी जिवंत रूप ओळखा

ब्रायोझोआ या शब्दात ग्रीक ‘ब्रायॉन’ म्हणजे शेवाळी आणि ‘झोऑन’ म्हणजे प्राणी. एकेक प्राणी साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. त्याला झूइड म्हणतात. त्याच्या डोक्याशी केसाळ स्पर्शकांचा एक मुकुट असतो. स्पर्शकांवरचे बारीक केस हलले की पाणी आत ओढलं जातं आणि त्यातले सूक्ष्म जीव तोंडात जातात. धोका जाणवला की मुकुट झटकन खोलीत मागे जातो. ही खोली तो स्वतःभोवती बांधतो, बहुधा कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाची. आपल्याला जीवाश्म म्हणून मिळतात त्या या खोल्या.

वसाहतीची सुरुवात एकाच पोहणाऱ्या डिंभापासून, म्हणजे अंड्यातून निघालेल्या पिल्लापासून होते. तो कठीण जागा शोधतो, चिकटतो आणि त्याचा पहिला झूइड होतो. पुढचे सगळे त्याच्यापासून कळ्यांसारखे फुटतात. म्हणजे हजारो खोल्यांची वसाहत असली तरी आनुवंशिक दृष्टीनं ती एकच व्यक्ती असते. हे नीट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सध्या जगात त्यांच्या सुमारे सहा हजार जाती आहेत. कोकणात राहत असाल तर जीवाश्म शोधण्याआधी भरतीच्या रेषेवर एक चक्कर मारा. वाहून आलेल्या तपकिरी सरगॅसम शेवाळाच्या पात्यांवर पांढरी, बारीक जाळी चिकटलेली दिसते. रिकाम्या कालवांच्या शिंपांवरही तशाच खरबरीत चकत्या असतात. दहा पट भिंगाखाली धरा, वीट-बांधकामासारख्या खोल्यांच्या रांगा दिसतील. एक तास या चकत्यांवर घालवला की दगडातल्या चकत्या डोळ्याला लगेच ओळखू येतात.

गोड्या पाण्यातही ब्रायोझोआ असतात. त्यांतल्या एका प्रजातीचं नाव हिस्लोपिया. नागपुरात राहिलेल्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नावावरून हेन्री कार्टर यांनी ते १८५८ मध्ये दिलं. मात्र तिला चुन्याचं कवच नसतं, त्यामुळे तिच्यासारख्यांचा जीवाश्म होणं दुर्मीळ.

कुठे शोधाल

सिनसिनाटी परिसरात रीतसर गोळा करता येईल अशा दोन जागा मी सुचवतो. शॅरनव्हिलमधलं ट्रॅमल फॉसिल पार्क: दहा एकरांचा उतार, लोकांना गोळा करण्यासाठीच मोकळा ठेवलेला. दुसरी जागा वेन्सव्हिलजवळच्या सीझर क्रीक धरणाचा सांडवा. तिथल्या माहिती केंद्रात मोफत परवाना घ्यावा लागतो. हातोडी-छिन्नी चालत नाही, तळहातात मावेल एवढाच जीवाश्म नेता येतो आणि विक्रीसाठी गोळा करता येत नाही. जाण्याआधी त्या वेळचे नियम पुन्हा तपासा. महामार्गाच्या कडेला गाडी थांबवून दगड उचलू नका. ते धोक्याचंही आहे आणि बेकायदाही ठरू शकतं. सिनसिनाटीत १९४२ पासून ‘ड्राय ड्रेजर्स’ नावाची हौशी मंडळींची संस्था आहे. तिथल्या अनुभवी माणसांबरोबर एक दिवस फिरलात तर महिन्याभराचं शिक्षण होतं.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टखाली असल्यामुळे आपल्याकडे समुद्री जीवाश्म फार थोडे. पण त्या बेसाल्टच्या उत्तर कडेला, नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातल्या बाघ परिसरात क्रेटेशस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या समुद्राचे थर उघडे पडले आहेत. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८४ मध्ये त्यांचा सविस्तर अभ्यास मांडला. त्यांतल्या एका लालसर थराला ‘कोरलाइन लाइमस्टोन’ म्हणतात, म्हणजे पोवळ्यांसारखा चुनखडक. भिंग लावलं की कळतं, त्यात पोवळी नव्हेत, ब्रायोझोआच्या फांद्यांचे तुकडे खच्चून भरलेत. चुकीचं नाव दीडशे वर्षं टिकलंय. तिथे गेलात तर बघा, फोटो काढा. गोळा करण्यासाठी मात्र परवानगी हवी. तो परिसर डायनासोरच्या जीवाश्मांमुळे संरक्षित आहे.

उचलण्याआधी दोन मिनिटं

तुकडा जसा पडलाय तसाच फोटो घ्या, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून. तो थरात रुतलेला असेल तर वरची बाजू कोणती हे पेन्सिलीनं बाणानं दाखवा. सुटा असेल तर वहीत तसं लिहा. खाली घरंगळून आलेल्या तुकड्याची वरची बाजू कोणती होती हे तुम्हाला माहीत नाही, आणि ते मान्य करणं हीसुद्धा नोंदच आहे. आजूबाजूचा खडक शेल (चिखल घट्ट होऊन झालेला, पापुद्रे सुटणारा खडक) आहे की शिंपल्यांनी गच्च भरलेला चुनखडक, हेही लिहा. सिनसिनाटीत हे दोन्ही आलटून पालटून येतात. शांत काळात चिखल बसत होता. मोठी वादळं आली की तळ ढवळून निघे, चिखल वाहून जाई आणि शिंपल्यांचा थर मागे उरे. तुमची वसाहत यांतल्या कोणत्या थरात मिळाली यावर पुढचा सगळा अर्थ अवलंबून आहे.

स्वच्छ करताना

साधं पाणी, मऊ टूथब्रश आणि धीर. चिखल घट्ट असेल तर रात्रभर भिजवून ठेवा. व्हिनेगर, लिंबू, बाथरूम साफ करायचं आम्ल यांतलं काहीही लावू नका. वसाहत स्वतःच कॅल्साइटची आहे. खडकाबरोबर तीही विरघळते आणि आधी जातात ते पृष्ठभागावरचे नाजूक काटे, जे ओळखायला उपयोगी पडतात. पातळ जाळीदार तुकडे तर घासूच नका. शेलच्या पाटीवर आहेत तसेच राहू द्या.

ब्रायोझोआच आहे ना?

कोरडा तुकडा खिडकीशी तिरप्या उजेडात धरा, मग त्यावर पाण्याचा थेंब सोडून पुन्हा बघा. कोरडेपणी उंचवटे दिसतात, ओलेपणी भोकं. भोकांचा व्यास बहुधा ०.१ ते ०.५ मिलिमीटर निघतो. नुसत्या डोळ्यांना भोकं सहज मोजता येत असतील, एक-दोन मिलिमीटर किंवा जास्त, आणि आत चाकाच्या आऱ्यांसारखे पडदे दिसत असतील, तर ते पोवळं असण्याची शक्यता मोठी.

हा घोळ नवा नाही. सिनसिनाटीत सर्वांत जास्त सापडणाऱ्या जाड, दगडी वसाहतींना ट्रेपोस्टोम म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अनेक मोठे अभ्यासक त्यांना पोवळीच मानत. वाद मिटवणारा एक महत्त्वाचा पुरावा १९१२ मध्ये एडगर कमिंग्ज यांनी दिला. त्यांनी मोठ्या वसाहतींचा बाह्य आकार बाजूला ठेवला आणि वसाहत सुरू होते ती जागा तपासली: पहिला झूइड, त्यातून फुटलेले पहिले काही. ती सुरुवात आजच्या ब्रायोझोआच्या सुरुवातीशी जुळली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही उत्तर खालच्या बाजूलाच होतं.

आता तुकडा उलटा करा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

वसाहतीला बसायला कठीण जागा लागते, आणि चिखलाच्या समुद्रतळावर कठीण जागा म्हणजे बहुधा कुणाचं तरी कवच. ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखा दिसणारा, पण वेगळ्या गटातला दोन झडपांचा प्राणी), शिंपला, शंकूसारख्या लांब कवचाचा नॉटिलॉइड (माकुळाच्या गोतातला), ट्रायलोबाइट या नामशेष, सांधेदार पायांच्या प्राण्याची ढाल, नाहीतर समुद्रतळावरच घट्ट झालेला चुनखडक. आधी ओळखा, ही कुणावर बसली होती?

कधी खाली काहीच उरलेलं नसतं, फक्त खळगा असतो. घाबरू नका, हा खजिना आहे. त्या काळातल्या पुष्कळ शिंपल्यांची आणि नॉटिलॉइडांची कवचं अरागोनाइट या लवकर विरघळणाऱ्या चुन्याच्या खनिजाची होती आणि ती पुढे विरघळून गेली. ब्रायोझोआचं कॅल्साइट मात्र टिकलं. त्यामुळे वसाहतीच्या तळाशी त्या गेलेल्या कवचाचा साचा तंतोतंत राहतो, त्याच्या बारीक रेषांसकट. थोडी प्लॅस्टिसीन त्या खळग्यात हलकेच दाबा आणि उचला. ज्याचं कवच कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीसं झालं, त्याचा आकार तुमच्या बोटांवर येतो. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा कितीतरी वेळ मी ती प्लॅस्टिसीन खाली ठेवली नव्हती.

मग विचारा, वसाहत कवचाच्या आत बसली होती की बाहेर? साच्यात बिजागरीचे दात किंवा स्नायूंचे ठसे दिसले, तर ती आतल्या बाजूला बसली होती. म्हणजे तो प्राणी आधीच मेला होता आणि शिंपला उघडा पडला होता. बाहेर बसली असेल तर कडेकडे बघा. दोन्ही झडपांच्या फटीवरून वसाहत पसरत गेली असेल तर आतला जीव तेव्हा नव्हता, नाहीतर त्याला झडपा उघडताच आल्या नसत्या. वाढ बरोब्बर काठाशी थांबली असेल, तर यजमान जिवंत असण्याची शक्यता धरा. खात्री धरू नका.

शेवटी, वाढ एकाच बाजूला आहे की चारी बाजूंनी? कवचाच्या दोन्ही अंगांवर खोल्या असतील तर ते मध्ये उलटलं होतं. काही वसाहती तर गोट्यासारख्या गोल मिळतात, पूर्ण पृष्ठभागावर उघडी तोंडं. प्रवाहानं किंवा प्राण्यांच्या धक्क्यानं त्या पुन्हा पुन्हा लोळत राहिल्या. एक बाजू कायम चिखलात राहिली असती तर तिथले झूइड गुदमरले असते.

आकार म्हणजे जगण्याची पद्धत

सगळ्यात साधी वाढ धाग्यासारखी. एकामागे एक झूइड, मधूनच दुफाटा. ऑर्डोव्हिशियनमधली, म्हणजे सिनसिनाटीच्या थरांच्याच काळातली कोरिनोट्रिपा अशी वाढते. ब्रॅकिओपॉडच्या पाठीवर भिंगाखाली ती बारीक साखळीसारखी दिसते. थोड्या साहित्यात लांबवर पोचायचं आणि एखादा कोपरा सापडला तर तग धरायचा, हा तिचा मार्ग. शेजारी मोठी वसाहत आली की ती झाकली जाते.

चादरीसारखी पसरणारी वसाहत कडेकडेनं वाढते आणि वाटेत येईल त्याला झाकते. दोन चादरी भेटल्या तर सांध्याकडे नीट बघा: कोण कोणावर चढली? एखाद्या जागी एक वर आणि थोड्या अंतरावर दुसरी वर असेल, तर दोन्ही तेव्हा जिवंत होत्या. सगळीकडे एकच वर असेल तर खालची आधीच मेलेली असू शकते. झाकताना कधी कधी मऊ शरीराचे जीवही खाली सापडतात आणि त्यांचा ठसा तळाशी राहतो. एरवी ज्यांचा जीवाश्म झालाच नसता, असे जीव.

फांद्यांच्या वसाहती तळापासून वर उठतात. तिथे अन्न जास्त, चिखल कमी. फांदीची जाडी पट्टीनं मोजा आणि थराच्या नोंदीशेजारी लिहा. सिनसिनाटीच्या खालच्या, शेलनं भरलेल्या कोप थरात फांद्या बारीक आणि नाजूक मिळतात. वर, उथळ पाण्यात साचलेल्या बेलव्ह्यू थरात जाड पानांसारख्या आणि ढेकळांसारख्या वसाहती जास्त. लाटांचा मारा वाढला की नाजूक फांद्या टिकत नाहीत. पण एका तुकड्यावरून पाण्याची खोली ठरवू नका; निदान वीस-तीस तुकडे मोजा.

जाळीच्या वसाहती, म्हणजे फेनेस्ट्रेट, मला सगळ्यात देखण्या वाटतात. त्यांच्या एकाच बाजूला तोंडं असतात. पाणी त्या बाजूनं येतं, गाळलं जातं आणि जाळीच्या खिडक्यांतून मागे निघतं. कार्बोनिफेरस काळातल्या (सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या) आर्किमिडिस नावाच्या ब्रायोझोआनं हीच जाळी एका दगडी स्क्रूभोवती जिन्यासारखी फिरवत नेली. खडकात बहुतेक वेळा फक्त स्क्रू उरतो, कारण जाळी आधी मोडते. तो स्क्रू वेगळा प्राणी नाही, त्या वसाहतीचा खांब आहे.

उंचवटे मोजा

पुष्कळ ट्रेपोस्टोमांच्या अंगावर ठरावीक अंतरावर बारीक फोड आल्यासारखे उंचवटे असतात. दुसऱ्या एका गटातल्या कॉन्स्टेलारियात त्यांचे तारे झालेले असतात, आणि नावही त्यावरूनच. ही नक्षी नव्हे, वसाहतीचं धुराडं आहे. हजारो मुकुट पाणी खाली ओढतात. गाळलेलं पाणी कुठून तरी बाहेर जायला हवं. लहान वसाहतीत ते कडेनं निघून जातं. वसाहत मोठी झाली की मधल्या झूइडांना तेच पाणी परत मिळू लागतं. म्हणून मध्ये मध्ये निकास ठेवलेला, आणि तिथून पाणी कारंज्यासारखं वर जातं. आजच्या काही ब्रायोझोआत असे निकास प्रत्यक्ष दिसतात. त्यावरूनच जीवाश्मांतल्या उंचवट्यांचा अर्थ लागला. एका केंद्रापासून दुसऱ्या केंद्रापर्यंतचं अंतर दहा ठिकाणी मोजा आणि सरासरी काढा. बहुधा काही मिलिमीटर येतं. एकटा झूइड असं अंतर राखू शकत नाही. वसाहत ही एक व्यक्ती आहे, ती इथे दिसते.

आत बघणं: ॲसिटेट फिल्मचा ठसा

फांदीचं मोडकं टोक ओलं करून भिंगाखाली धरलंत तरी बरंच कळतं. मध्यभागी पातळ भिंतींच्या, फांदीला समांतर नळ्या असतात. हा भाग लवकर लांबलेला. कडेला त्याच नळ्या बाहेर वळतात आणि भिंती जाड होतात. मधला भाग उंची गाठण्यासाठी, बाहेरचा बळकटीसाठी. बाहेरच्या भागाची जाडी जास्त म्हणजे फांदीच्या त्या ठिकाणी वसाहत जास्त काळ जगली.

खरं वाचन मात्र कापून होतं. हेन्री निकल्सन यांनी पातळ छेदांची पद्धत या गटाला लावली. पुढे सिनसिनाटीचेच एडवर्ड उलरिक आणि तिथल्याच दगडांवर शिकलेले रे बॅसलर यांनी तिच्या जोरावर शेकडो जाती मांडल्या. घरच्या घरी छेद करणं अवघड, पण फिल्मवरचा ठसा जमतो.

१. तुकडा पाण्याच्या करवतीवर कापून घ्या. छेद तीन दिशांनी लागतो: फांदीच्या लांबीत, आडवा, आणि पृष्ठभागाला समांतर अगदी वरचेवर. कोरडं कापू नका, धूळ फुप्फुसात जाते.

२. जाड काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि पाणी घेऊन घासा, आधी ४०० क्रमांकाची, मग ६००, मग १००० (आकडा मोठा तितकी पूड बारीक). प्रत्येक वेळी तुकडा, काच आणि हात धुवा. जाड पुडीचा एक कण राहिला तरी रेघ पडते.

३. पाच टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात घासलेली बाजू दहा सेकंद धरा. आम्ल पातळ करताना ते पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी. या कामात मुलांना जवळ घेऊ नये.

४. पाण्यात बुडवून धुवा, उभं ठेवून वाळवा. त्या बाजूला बोट लावू नका.

५. पृष्ठभाग आडवा करून त्यावर ॲसिटोन ओता आणि लगेच ॲसिटेटची फिल्म एका कडेकडून टेकवत न्या, म्हणजे बुडबुडे अडकणार नाहीत. ॲसिटोन पटकन पेटतो. जवळ गॅस, उदबत्ती काही नको. जुन्या प्रोजेक्टरच्या पारदर्शक पट्ट्या बहुतेक पॉलिएस्टरच्या असतात, त्या चालत नाहीत.

६. निदान अर्धा तास थांबा, मग सोलून दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून ठेवा.

सूक्ष्मदर्शकाखाली नळीत आडवे पडदे दिसतील. झूइड वर सरकत गेला आणि खाली मजला घालत गेला, त्या त्याच्या खुणा. पडदे दाट झालेले, भिंती एकदम जाड झालेल्या आणि नंतर पुन्हा पातळ नळ्या सुरू, असं दिसलं तर वाढ मंदावून पुन्हा सुरू झाली होती. दोन थरांच्या मध्ये चिखलाची रेघ असेल तर त्या वेळी तो भाग बुजला आणि उरलेल्या जिवंत कोपऱ्यातून वसाहतीनं स्वतःच्याच मेलेल्या भागावर नवी चादर पसरली.

नव्या काळातल्या चीलोस्टोम गटाच्या वसाहती मिळाल्या, जसे कच्छच्या थरांत, तर आणखी एक मोजमाप करता येतं. थंड पाण्यात त्यांचे झूइड मोठे होतात, गरम पाण्यात लहान. त्यामुळे एकाच वसाहतीतल्या झूइडांच्या आकारात किती फरक पडतो यावरून त्या समुद्रात वर्षभरात तापमान किती बदलत असे, याचा अंदाज ॲरॉन ओ’डिया आणि बेथ ओकामुरा यांच्या पद्धतीनं काढता येतो.

वहीतलं एक पान

नोंद कशी दिसावी म्हणून माझ्या वहीतली एक देतो. सुटा तुकडा, वरची बाजू अज्ञात. तळहातापेक्षा लहान घुमट, जाडी १४ मिलिमीटर. तळाशी शिंपल्याच्या आतल्या बाजूचा साचा, स्नायूचा एक ठसा स्पष्ट; म्हणजे रिकाम्या, उताण्या शिंपल्यात वसाहत बसली. खालचे ६ मिलिमीटर सलग वाढ. त्यावर केसाएवढी चिखलाची रेघ, पण ती फक्त दोन-तृतीयांश रुंदीत. उरलेल्या बाजूला नळ्या न तुटता वर गेलेल्या. रेघेवरचा थर त्याच बाजूकडून सुरू होऊन उलट्या टोकाकडे पातळ होत जातो. माथ्यावर गोल, सरळ भिंतीची चार छिद्रं, वसाहतीच्या खोल्या आरपार कापत गेलेली. म्हणजे हे कोरणारे जीव वसाहत कठीण झाल्यावर आले. त्यांतल्या एका छिद्राच्या तोंडावर पातळ खोल्यांची टोपी आहे. छिद्र पडलं तेव्हा वसाहत जिवंत होती आणि तिनं ते झाकायला घेतलं होतं.